विश्लेषण : ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठीच इतकी लांब का?

पुण्या-मुंबईहून ‘एच-१बी’ व्हिसावर अमेरिकेत गेलेला अभियंता पाच-सहा वर्षांत तिथला कायमचा रहिवासी होतो, असा इकडच्या अनेक नातेवाईकांचा समज असतो. प्रत्यक्षात कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाला तरी ग्रीन कार्ड हाती पडायला दशक उलटते. या विलंबाचे मुख्य कारण छाननीतील दिरंगाई नसून कोट्याचे गणित हे आहे.

प्रक्रिया कशी असते?

बहुतेक अर्जदारांसाठी तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात कंपनीला जाहिराती देऊन या कामासाठी पात्र अमेरिकी कर्मचारी उपलब्ध नसल्याचे दाखवावे लागते आणि श्रम खात्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. वेतननिश्चितीसह यात अलीकडे दीड-दोन वर्षे जातात. दुसऱ्या टप्प्यात कंपनी ‘आय-१४०’ हा अर्ज करते. जादा शुल्क भरल्यास त्याचा निर्णय १५ कामकाजी दिवसांत होतो. तिसरा टप्पा प्रत्यक्ष ग्रीन कार्डच्या अर्जाचा. भारतीयांची गाडी अडते ती इथेच.

गाडी अडते कशामुळे?

१९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात. अर्जदाराचा जोडीदार आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. म्हणजे भारताच्या वाट्याला ढोबळमानाने ९,८०० कार्डे येतात. इतरांचा वाटा शिल्लक राहिला तरच हा आकडा वाढतो. देश ठरतो तो नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थानावरून.

प्रतीक्षा नेमकी किती?

श्रम प्रमाणपत्राचा अर्ज दाखल झाल्याचा दिवस ही अर्जदाराची ‘प्राधान्य तारीख’. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा क्रमांक लागला, हे अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’मधून जाहीर करते. २०२५ च्या मध्यास ‘ईबी-२’ या उच्चशिक्षितांच्या श्रेणीत भारतासाठी ही तारीख जानेवारी २०१३ होती. बहुतांश अन्य देशांसाठी २०२३. तारीख मागेही सरकते. करोनाकाळात कौटुंबिक कोट्यातील न वापरलेली कार्डे नोकरीच्या कोट्यात आली, तेव्हा भारताची तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती थेट एप्रिल २०१२ वर आली. ‘केटो इन्स्टिट्यूट’च्या २०२३ मधील विश्लेषणानुसार, रांगेतील १८ लाख प्रकरणांपैकी ११ लाख भारतीयांची होती आणि नव्या भारतीय अर्जदाराची प्रतीक्षा १३४ वर्षांची. थोडक्यात, हयातीत न संपणारी.

दरम्यान कुटुंबाचे काय?

‘एच-१बी’ची कमाल मुदत सहा वर्षांची असली, तरी ‘आय-१४०’ मंजूर असल्यास ती तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. अशा कर्मचाऱ्याच्या जोडीदारालाही २०१५ पासून काम करण्याचा परवाना मिळू शकतो. नोकरी बदलली तर प्राधान्य तारीख सहसा टिकते, पण नव्या कंपनीला पहिले दोन्ही टप्पे पुन्हा पार पाडावे लागतात. नोकरी गेली, तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते. सर्वाधिक झळ मुलांना बसते. २१ वर्षे पूर्ण झाली की मूल पालकांच्या अर्जातून वगळले जाते. २००२ च्या कायद्यातील सवलत मर्यादित आहे. त्यामुळे अमेरिकेतच वाढलेल्या मुलांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो.

तोडगा का निघत नाही?

देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचा वेगळा मसुदा मंजूर केला. मात्र दोहोंचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले. एकूण संख्या न वाढवता मर्यादा हटवल्यास इतर देशांच्या अर्जदारांची प्रतीक्षा वाढेल, हा मुख्य आक्षेप आहे. त्यामुळे कोटा वाढवल्याशिवाय रांग आटोक्यात येणार नाही आणि तो अधिकार केवळ अमेरिकी काँग्रेसकडे आहे.