डबा उलटा करून बघा
शेजारचा बारावीतला मुलगा या आठवड्यात प्रोटीन पावडरचा डबा घेऊन दाखवायला आला. समोर दंड फुगवलेला गडी आणि ‘२५ ग्रॅम प्रोटीन’ असा टपोरा आकडा. मी त्याला आधी डबा फिरवायला लावला, कारण खरी माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. २५ ग्रॅम, पण केवढ्या स्कूपमध्ये? स्कूप ३३ ग्रॅमचा असेल तर माल चांगला. ५० ग्रॅमचा असेल तर उरलेल्या निम्म्यात बहुतेक साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन. घटकांत पहिलं नाव व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या, कॉन्सन्ट्रेट किंवा आयसोलेटचं हवं. दुधानं पोट बिघडत असेल त्यानं आयसोलेटच घ्यावं, त्यात लॅक्टोज नावापुरतं उरतं. ग्लायसिन, टॉरिन वरून घातलेलं दिसलं की डबा सरळ परत ठेवा. नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून प्रथिनांचा हिशेब करतात आणि ही स्वस्त द्रव्यं तो आकडा फुगवतात. उगाच घाबरवत नाही मी: २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातल्या ३६ पावडरींची तपासणी छापून आली, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. म्हणून जी कंपनी बॅचनुसार बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल दाखवत नाही, तिला पैसे देऊच नयेत, मग जिममधला दादा काहीही सांगो. आणि पोरांनो, वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या किलोमागे दीडेक ग्रॅम प्रथिनं दिवसाला पुरतात. अंडी, उसळ, दही, पनीर यांतून किती येतात ते आधी मोजा, कमी पडतील तेवढीच पावडर घ्या.