आम्हाला पाणी फक्त टीएमसीत कळतं

मी मूळचा नगर जिल्ह्यातला (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण आईच्या तोंडी अजून नगरच). राहुरीजवळ गाव, मुळा धरणाच्या कॅनॉलपासून चालत दहा मिनिटं. आमच्याकडे पाण्याबद्दल बोलायची एकच भाषा आहे: टीएमसी. मुळा २६, भंडारदरा ११, निळवंडे ८ आणि वर डोळे लावून बसलेलं जायकवाडी १०२. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आवर्तन कधी सुटणार, टेलपर्यंत पाणी पोचणार का, जायकवाडीला किती सोडणार, यावर पारावर दोन-दोन तास चर्चा होते. पण त्या पाण्यात उतरायचं? त्याच्यावर होडी चालवायची? छे! पाणी पिकाला असतं, खेळायला नाही.

तर अशा या नगरी माणसाला ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "रविवारी सेलिंगला येतोस का?"

मला आधी वाटलं, हा कुठल्या तरी कंपनीच्या सेल्स ट्रेनिंगबद्दल बोलतोय :) मग कळलं की मुंबईत शिडाच्या होड्यांचं वेड असलेल्या काही लोकांचा एक गट आहे. वर्षातून एकदा सगळे जमतात, जेवतात, गप्पा मारतात आणि दुपारी गेटवेसमोरून होड्या काढून बंदरात फिरतात. ह्या वेळी सोबत पाहुणे आणायची परवानगी होती.

घरी फोन केला तेव्हा आईला सांगून टाकलं. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "कशाला जातोस रे बाळा पाण्यात? दुसरं काही नाही का सुट्टीला?"

तिचं असं का, ते पुढे सांगतो.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबई गाठली. खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती, आणि ती पाण्याची कमी, माणसांची जास्त. यॉट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातले उद्योगपती यायचे. पांढरे शूज, हातात ग्लास, आणि "हाय, यू आर फ्रॉम...?" असं विचारणारी मंडळी. शिवाय मुंबईतला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, म्हणजे हा खेळच मुळात साहेबाचा. आपण तिथं काय करणार?

प्रत्यक्षात जेवणाच्या टेबलावर माझ्या एका बाजूला बँकेतून रिटायर झालेले काका होते आणि दुसऱ्या बाजूला एक डेंटिस्ट बाई. समोर दोन शाळकरी मुली, ज्यांना जेवणापेक्षा वाऱ्याची चिंता जास्त. आणि कोळीवाड्यातला एक पंचविशीचा तरुण, ज्याच्याकडे आमच्या होडीची सगळी तयारी होती. गप्पा मात्र एकाच विषयावर. वारा. किती आहे, कुठून आहे, तीन वाजता किती होईल. आमच्याकडे लोक पावसाबद्दल बोलतात ना, अगदी तसं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पाचवी-सहावीच्या भूगोलात आपण सगळ्यांनी "खारे वारे आणि मतलई वारे" घोकलेत. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई. दोन मार्कांचा प्रश्न, आकृती काढली तर तीन. त्या दिवशी दुपारी जमीन तापली आणि दीड-दोनच्या सुमारास वायव्येकडून वारा खरंच आला. वीसेक वर्षांपूर्वी पाठ केलेलं उत्तर गालाला लागलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

पण त्याआधी एक गोष्ट झाली, आणि हा सगळा लेख खरं तर त्या गोष्टीसाठी आहे.

आमच्या होडीचे कप्तान म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळे त्यांना कमांडर म्हणत होते. होडीत पाय ठेवायच्या आधी त्यांनी प्रत्येकाला लाइफ जॅकेट दिलं आणि मग एकेकासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने प्रत्येक बकल ओढून पाहिलं. माझं सैल होतं. त्यांनी काही न बोलता आवळलं. बँकवाले काका तीस वर्षं होड्या चालवतात, त्यांचंही तपासलं. मग दहा मिनिटं समजावलं: शिडाचा आडवा दांडा फिरेल तेव्हा डोकं खाली, एक हात कायम कशाला तरी धरून, कोणी पाण्यात पडला तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर काढायची नाही. मग मला विचारलं, "पोहता येतं?"

"नाही."

"बरं झालं खरं सांगितलंत. इथं माझ्याजवळ बसा."

ना हसणं, ना टोमणा. पोहता न येणं ही त्यांच्या दृष्टीने एक माहिती होती, कमीपणा नव्हता.

मग आम्ही निघालो. इंजिन बंद केलं, शीड वर गेलं आणि जी शांतता पसरली ती मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. फक्त पाण्याचा आवाज. मागे गेटवे आणि ताज लहान होत गेले. प्रत्येकाला एक दोर दिला होता, मलाही. ओढ म्हटलं की ओढायचा, सोड म्हटलं की सोडायचा. सरळ वाऱ्याच्या तोंडावर होडी जाऊच शकत नाही, म्हणून नागमोडी जायचं: थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि शेवटी पोचायचं तिथंच. (आमच्या प्रोजेक्ट प्लॅनसारखं. फक्त इथं खरंच पोचतात.) होडीवर पाहुणा असा कोणी नसतो. डेंटिस्ट बाई, काका, कोळी तरुण, मी, सगळे सारखेच ओले. हुद्दा किनाऱ्यावर राहतो.

जवाहर द्वीपाच्या दिशेने जाताना कमांडर थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "नीलकमल इकडेच." १८ डिसेंबर २०२४. गेटवेवरून घारापुरीला निघालेली प्रवासी बोट, तिला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. बहुतेक प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. सक्ती झाली ती त्यानंतर. कमांडर एवढंच बोलले, पण मला सकाळचं ते बकल ओढणं आठवलं.

आणि मला आठवला दादा.

माझा चुलत भाऊ. मी आठ वर्षांचा, तो तेरा. उन्हाळ्याची सुट्टी, आवर्तन सुटलेलं, कॅनॉल काठोकाठ. पोरं पायऱ्यांवर बसून पाय बुडवत होती. त्याची चप्पल वाहून गेली म्हणून तो वाकला. एवढंच. काठावर आम्ही सात-आठ जण होतो आणि एकालाही पोहता येत नव्हतं. आम्ही ओरडत कॅनॉलच्या कडेने धावलो. दोर नव्हता, ट्यूब नव्हती, काय करायचं ते ठाऊक नव्हतं. तो संध्याकाळी पुढच्या गेटपाशी सापडला.

त्यानंतर आमच्या घराने जे केलं ते आमच्याकडे प्रत्येक घर करतं. पाण्याकडे जायची बंदी. पोहायला शिकायची बंदी. "पाण्यापासून लांब राहा" हा आमचा एकमेव सुरक्षा नियम. काकूंसमोर आजही कोणी पोहण्याचा विषय काढत नाही.

मी त्या दिवशी दोर हातात धरून विचार करत होतो की यात कुठं तरी मोठी चूक आहे. आपण पाण्यापासून लांब राहू शकतच नाही. कॅनॉल आमच्या दारातून जातो. शेततळी प्रत्येक शिवारात आहेत. धरणाच्या फुगवट्यावर ट्यूबवर बसून जाळी टाकणारी माणसं मी लहानपणापासून पाहतोय. ज्यांची गावं धरणाखाली गेली त्यांना पलीकडच्या काठावर जायला होडीच लागते. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव बोट वादळात उलटली, सहा जण गेले. दोनच दिवसांनी आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शोधायला गेलेली, शिकलेली माणसं! नदीच्या वाहत्या पाण्याशी मस्ती चालत नाही हे खरंच. पण भीती म्हणजे सुरक्षा नव्हे. भीतीने आपण फक्त अडाणी राहतो, आणि पाणी अडाण्याला ओळखत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या धरणांवर मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवलं पाहिजे.

हसू नका. "समुद्र नाही तिथं कसलं सेलिंग" हे मला तीन जणांनी आधीच ऐकवलंय. मध्य प्रदेशला कुठं समुद्र आहे? भोपाळच्या तलावावर सेलिंग स्कूल आहे. तिथं शिकलेली नेहा ठाकूर, देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, हिने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. त्याआधी २०१८ मध्ये हर्षिता तोमरने कांस्य. हैदराबादला हुसेनसागरात यॉट क्लब वस्तीतल्या, सरकारी शाळेतल्या मुलांना होड्या शिकवतो. अहो, लांब कशाला, खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट सेलिंग करतात, पुण्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालेली एस. एस. लॉयल्टी ज्या वालचंद हिराचंदांनी पाण्यात घातली, ते जन्माने सोलापूरचे! देशावरच्या माणसाला समुद्र वर्ज्य आहे हे कोणी सांगितलं?

दुसरा आक्षेप पैशांचा. बरोबर आहे, मोठी यॉट हा श्रीमंतांचा खेळ आहेच. पण लहान मुलांची ऑप्टिमिस्ट नावाची होडी असते, जेमतेम पावणेआठ फुटांची. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स या माणसाने ती मुद्दाम स्वस्त आणि प्लायवूडची केली, साध्या घरातल्या मुलांना परवडावी म्हणून. तिला डिझेल लागत नाही, पाणी घाण होत नाही आणि टीएमसीतला एक थेंबही कमी होत नाही. आणि कारागीर? दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, ती 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. छप्पन्न फुटांची होडी इथं होते, तर पावणेआठ फुटांची का नाही?

तिसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: हे सुरू झालं की मागोमाग रिसॉर्ट येतील, जेट स्की येतील, दारूच्या बाटल्या येतील, आणि काठावरच्या माणसाला पुन्हा बाहेर काढतील. ज्याची जमीन एकदा धरणाला गेली त्याला दुसऱ्यांदा हाकलायचं? म्हणून माझी अट आहे की पहिल्या चार होड्या काठावरच्या गावांतल्या शाळांच्या. शिकवणारेही शक्य तिथं त्याच गावांतले, जाळी टाकणारे. त्यांना वारा आपल्यापेक्षा जास्त कळतो. मोटार नको, हॉटेल नको. आवर्तनाचं आणि पिण्याच्या पाण्याचं वेळापत्रक आधी, होड्या नंतर. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की बंद. आणि होडीला हात लावायच्या आधी पोहणं. सगळ्यात आधी पोहणं.

पदकं मिळोत न मिळोत. मला पदक नकोय. मला काठावर उभी असलेली अशी आठ पोरं हवीत, ज्यांतल्या एकाला तरी दोर फेकता येतो, एक जण बोट दाखवून नजर काढत नाही, आणि बाकीचे ओरडत धावत बसत नाहीत.

साडेपाचला परतलो. हात दोराने सोलवटले होते, नाकाला ऊन लागलं होतं. उतरताना कमांडरांनी सगळ्यांची जॅकेट मोजून परत घेतली. मला म्हणाले, "पोहायला शिका आणि मग या." मी हो म्हणालो.

रात्री शिवनेरीतून आईला फोन केला. आता ओरडा बसणार अशा तयारीतच होतो. ती म्हणाली, "पोचलास ना? ते जॅकेट का काय घालतात, ते घातलं होतंस का?"

"हो. त्यांनी ओढून तपासलं."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "चांगली माणसं दिसतात."

असो. पुढच्या महिन्यापासून बत्तिसाव्या वर्षी पोहण्याच्या क्लासला नाव घातलंय. सकाळी सहाची बॅच, बाकी सगळी दुसरी-तिसरीतली पोरं. पुतणीचंही नाव घालावं असं दादावहिनीला सुचवलंय. वहिनी हो म्हणाली आहे. काकूंना अजून सांगितलेलं नाही, ते मलाच सांगायचं आहे.