ओळखीचे वाटणारे अवघड शब्द

शालेय पुस्तकातील संतकाव्यात विद्यार्थ्याला अडचणीत आणणारे शब्द दोन प्रकारचे असतात. ‘दुरित’, ‘व्यंकटी’, ‘वोखटे’ हे मुळातच अनोळखी असतात. ते दिसताच मूल थबकते, शब्दार्थ पाहते किंवा शिक्षकांना विचारते. दुसऱ्या प्रकारचे शब्द ओळखीच्या रूपात येतात, म्हणून तिथे कोणी थांबत नाही. चुकीचा अर्थ मनात बसतो आणि पुढची सगळी ओळ त्याच्यामागे भरकटते. कवितेखालच्या शब्दार्थांत पहिल्या प्रकाराची सोय बहुधा केलेली असते. दुसऱ्याची जबाबदारी शिक्षकावर येते, आणि नेमकी तीच टाळली जाते.

पसायदान अनेक शाळांत परिपाठात रोज म्हटले जाते. त्यातील ‘भूत’ म्हणजे प्राणिमात्र आणि ‘खळ’ म्हणजे दुष्ट. मुलाला मात्र गोष्टीतले भूत आणि कागद चिकटवायची खळ एवढेच ठाऊक असते. ‘पिसे’ म्हटले की मोराची पिसे आठवतात; अभंगात त्याचा अर्थ वेड असा असतो. ‘सांडणे’ म्हणजे आज दूध सांडते ते. संतकाव्यात ते टाकून देणे, त्याग करणे. ‘नेणे’ हे आज घेऊन जाणे. तिथे न जाणणे. रामदासांचा ‘रोकडा’ पैशाशी बांधलेला नाही. तो प्रत्यक्ष, उघड असा अर्थ देतो. लहान शब्द तर अधिक फसवे. ‘कां’ हा पुष्कळदा प्रश्न नसून ‘किंवा’ असतो, ‘परी’ म्हणजे ‘पण’ आणि ‘माजी’ म्हणजे ‘मध्ये’. शब्दार्थांच्या यादीत त्यांना सहसा जागा मिळत नाही. ओवीचा अन्वय मात्र त्यांच्यावरच उभा असतो.

काळाचे भानही इथे लागते. ज्ञानेश्वरी 1290 ची, दासबोध सतराव्या शतकातला. मध्ये साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. दोन्हींना ‘जुनी मराठी’ म्हणून एकाच पद्धतीने शिकवता येत नाही. ज्ञानेश्वरीत रूपे आणि प्रत्यय आधी सोडवावे लागतात. दासबोधाचे वाक्य आजच्या मराठीच्या जवळचे वाटते, आणि म्हणूनच तिथे बदललेले अर्थ नजरेतून सुटतात.

या सगळ्यावर परीक्षेने काढलेला मार्ग शैक्षणिकदृष्ट्या निरर्थक आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेतील सुटे शब्द देऊन त्यांचे अर्थ विचारले जातात. ज्याचा अर्थ ओळीवरच ठरतो, तो शब्द ओळीतून उपटून पुढे ठेवायचा आणि त्याचा एकच अर्थ मागायचा, याने शब्दज्ञान तपासले जात नाही. यादीचे पाठांतर तेवढे तपासले जाते. मार्गदर्शकाच्या चार पानांवर हे गुण मिळतात, म्हणून वर्गातही तीच चार पाने फळ्यावर उतरतात. कविता न वाचताही पूर्ण गुण मिळू शकतात, हे वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना माहीत आहे. तरीही प्रश्नाचा साचा बदलत नाही. ओळ देऊन ‘येथे या शब्दाचा अर्थ कोणता आणि तो कशावरून’ असे विचारायला ना वेगळा निधी लागतो, ना नवी समिती.

वर्गात उपयोगी पडतो तो शब्दाचा गोतावळा. ‘खलनायक’ प्रत्येक मुलाला माहीत असतो. त्यातला ‘खल’ हाच ‘खळ’. ‘पिसाळलेले कुत्रे’ आणि ‘पिसाट वारा’ सांगितले की ‘पिसे’ वेगळे पाठ करावे लागत नाही. टाकून दिलेले ते ‘सांडपाणी’. ‘सांडणे’चा जुना अर्थ तिथे जिवंत आहे. ‘जाणीव’ आणि ‘नेणीव’ शेजारी लिहिले की ‘नेणे’ उलगडते. मग ‘नये’, ‘नव्हे’, ‘नलगे’ यांतला क्रियापदाला चिकटलेला नकार मुले स्वतः शोधून काढतात.

बोलीत तर हा साठा आयता आहे. कवाड, कवतिक, आवतण हे शब्द खेड्यातले मूल घरूनच घेऊन येते. कोकणीत औषधाला आजही ‘वखद’ म्हणतात. गोव्यातल्या विद्यार्थ्याला ‘वोखद’ परका वाटत नाही. अशा मुलाचे ‘कवतिक’ वहीत अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडायचे आणि तोच शब्द अभंगात आला की त्याचा अर्थ पाठ करायला लावायचा, हा अन्याय शिक्षकांनी ताबडतोब थांबवावा. प्रमाण लेखनाचा आग्रह निबंधापुरता ठेवता येतो. संतकाव्याच्या तासाला त्याच मुलाला वर्गाचा जाणकार म्हणून पुढे बोलवावे.

पंतकाव्य आणि बखर यांची वाट वेगळी आहे. मोरोपंतांच्या आर्येत संधी आणि समास सोडवले की निम्मा अर्थ हाती येतो. बखरीतले फारसी शब्द रयत, मुलूख, बंदोबस्त अशा रुळलेल्या शब्दांपासून सुरू करून पुढे न्यावेत.

साधनांची सबब आता चालणार नाही. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती, 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा 1999 चा जुन्या मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. दाते-कर्वे शब्दासोबत जुन्या ग्रंथांतले उतारे देतात. शिक्षकाला हवा असतो तो हाच संदर्भ.

तेव्हा दर कवितेला तीन कामे ठरवून घ्यावीत. शब्दार्थांत नसलेले, ओळखीचे वाटणारे पाच शब्द शिक्षकाने आधी हेरावेत. त्यांचे अर्थ मुलांनी ओळीवरून अजमावावेत आणि मगच कोशात पडताळावेत. घटक चाचणीत शब्द ओळीसह विचारावा. ती चाचणी शिक्षकाच्याच हातात असते, तिला मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.