पोर कोणाच्या गल्लीतले?

लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून गावोगावची सोळा-सतरा वर्षांची पोरे भाड्याच्या खोल्यांत राहतात. नांदेडातही तेच. आईबाप दूर गावी. मग खोलीत बाटली शिरली तर पाहायचे कोणी? घरमालक म्हणतो, मला भाड्याशी काम. खाणावळीच्या मावशी म्हणतात, दोन वेळ जेवतो ना, झाले! मास्तर मंडळी हजेरी मांडून मोकळी. कायद्याने सौम्य बिअरला 21 वर्षे व इतर दारूला 25 वर्षे वय लागते. पण कायदा काही जिना चढून खोलीत डोकावत नाही.

हैदराबाद मुक्तिलढ्यात, 1947-48 साली, निजामाचा अबकारी महसूल बुडावा म्हणून याच मराठवाड्यात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. ते एकट्यादुकट्याचे काम नव्हते. आजही प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर दारूचे दुकान बंद करता येते. तो झाला मोठा उपाय, आणि त्याला वेळ लागतो. तोवर मावशींनी एवढेच करावे: पोराचे ताट चार दिवस तसेच राहिले, तर घरमालकाच्या कानावर घालावे. घरमालकाजवळ बापाचा फोन क्रमांक असतोच. तो भाडे थकल्यावरच का फिरवायचा?