चौथऱ्यावर चढवण्याआधी

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ला निरोप देण्यात आला. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी स्वतः त्या दिवशी मिग उडवले, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली आणि शेवटी ‘फॉर्म ७००’ संरक्षणमंत्र्यांच्या हाती सुपूर्द झाला. वाहिन्यांनी फवारे पुन्हा पुन्हा दाखवले. संग्रहालयात काम करणाऱ्या माणसाने पाहावा तो फॉर्म. कोणत्या दिवशी कोणता दोष निघाला, कोणी दुरुस्त केला, कोणी तपासून सही केली आणि वैमानिकाने विमान कोणत्या अवस्थेत ताब्यात घेतले, हे सगळे त्यात असते. त्या कागदांविना संग्रहालयात आलेले विमान म्हणजे नुसते धूड.

निरोपासाठी चंदीगड निवडले त्याला कारण होते. १९६३ मध्ये दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली २८ क्रमांकाची स्क्वाड्रन पहिली मिग-२१ घेऊन इथेच उभी राहिली. याच स्क्वाड्रनने १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला चढवला. हवाई दलात साडेआठशेहून अधिक मिग-२१ येऊन गेली आणि त्यांतली सहाशेहून अधिक आपल्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात तयार झाली. म्हणजे चंदीगडला शेवट झालेल्या या कथेचा मोठा भाग निफाड तालुक्यात घडला आहे.

निवृत्त विमानांच्या मागण्या आता सुरू होतील. चौकासाठी, महाविद्यालयाच्या फाटकासाठी, नगरपालिकेच्या उद्यानासाठी. मागणीत गैर काही नाही. पण विमान चौथऱ्यावर चढवणे आणि विमान जतन करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्याकडे पहिल्यालाच दुसरे समजण्याची रूढी पडली आहे.

चौथऱ्यावर विमान बसवताना कंत्राटदाराला ते झेपावताना दाखवायचे असते, म्हणून नाक वर आणि शेपूट खाली. विमानाच्या पोटाला पाणी निथळण्यासाठी जी छिद्रे असतात ती मात्र विमान चाकांवर उभे असताना सर्वांत खाली येणाऱ्या जागी पाडलेली असतात. नाक वर केले की तीच छिद्रे उताराच्या मध्यावर येतात, आणि पावसाचे पाणी शेपटाकडच्या चौकटींमागे साचते. तिथे हात पोचत नाही. वर्षभराने बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आत अॅल्युमिनियम पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असते. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजावे, उशीर झाला. त्यातच खालचा आधार साध्या पोलादाचा आणि तो थेट पत्र्याला बोल्टने आवळलेला असेल, तर दोन धातू आणि मधला ओलावा मिळून विजेचा छोटा घटच तयार होतो. या घटात झीज होते ती अॅल्युमिनियमची. मध्ये रबराची किंवा नायलॉनची पट्टी घालायला किती खर्च येतो? तरी ती घातलेली क्वचितच दिसते.

दुसरा शत्रू म्हणजे आपला उत्साह. १५ ऑगस्ट जवळ आला की विमानाला नवा रंग. सुरुवातीची मिग-२१ उघड्या धातूच्या रंगाची होती, १९७१च्या युद्धात त्यांच्यावर छलावरणाचे पट्टे आले, पुढे राखाडी छटा आल्या. हा रंग म्हणजे थरांत लिहिलेली सेवापुस्तिका आहे. ती सॅंडपेपरने घासून वर दुकानातला एनॅमल मारायचा आणि टेल नंबर अंदाजाने रंगवायचा, हे काम आपण पुराव्यावर करतो आहोत याचे भान कुणाला नसते. शिवाय अॅल्युमिनियमवरच्या जुन्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट असते. ते कोरडे घासून उडालेली धूळ कर्करोगाला आमंत्रण देते. जुन्या उपकरणांच्या चमकत्या तबकड्यांत रेडियम असू शकते, तेव्हा त्यांची काच उघडण्याआधी किरणोत्सर्ग मोजून घ्यावा. आणि इजेक्शन सीट! तिची आणि कॅनोपी उडवणारी स्फोटके विमान देताना काढलेली असतात. असतात, पण आपल्या फाइलमध्ये तसे सहीचे प्रमाणपत्र आल्याशिवाय शाळकरी मुलाला कॉकपिटमध्ये बसवू नये.

या पार्श्वभूमीवर चंदीगडचे सेक्टर १८मधले भारतीय हवाई दल वारसा केंद्र पाहण्यासारखे आहे. ८ मे २०२३ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चंदीगड प्रशासन आणि हवाई दल यांनी मिळून शासकीय मुद्रणालयाच्या जुन्या इमारतीत ते उभारले. केंद्रात सिम्युलेटर आहेत, भित्तिचित्रे आहेत, आणि गर्दी त्यांच्यापाशीच होते. माझ्या मते तिथली खरी दौलत आहे कानपूर-१. हरजिंदर सिंग यांनी १९५८ साली कानपूरच्या दुरुस्ती डेपोत बांधलेले हे एका इंजिनाचे छोटे विमान. हरजिंदर सिंग लाहोरच्या मॅक्लागन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, हवाई दलात साधे हवाई शिपाई म्हणून भरती झाले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाले. त्याच लाहोरच्या महाविद्यालयाचा वारसा सांगणारे पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज फाळणीनंतर चंदीगडला आले, आणि या विमानानेही बराच काळ तिथेच काढला. एका महाविद्यालयाने ते भंगारात घातले नाही म्हणून आज ते छपराखाली, प्रेक्षकांसमोर आहे. अशा वस्तूंचे जतन बहुतेकदा कुणाच्या तरी आळसामुळे किंवा मायेमुळे होते, धोरणामुळे क्वचितच.

छप्पर हा शब्द मुद्दाम वापरला. चंदीगडला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग पाऊस, मग थंडीतले धुके आणि रात्रभर पत्र्यावर साचणारे दव. दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात तर समुद्राची खारी हवा आहे. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी दुर्मीळ विमाने उघड्यावर उभी आहेत. तिथली माणसे झटतात, पण मिठाशी ब्रशने किती लढणार? पुण्याच्या कमला नेहरू उद्यानातल्या मारुतकडे पाहतानाही हाच प्रश्न पडतो. कुर्ट टँक यांनी भारतात आराखडा केलेले, बंगळुरूला बनलेले ते लढाऊ जेट, आणि एकूण नग दीडशेच्या आतच.

आपल्या हातून काय निसटते याचा धडा लिबरेटर विमानांनी दिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडतोड करून टाकलेली ही बाँबफेकी विमाने आपल्या लोकांनी पुन्हा जोडून उडवली आणि हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली. आज ब्रिटनच्या आरएएफ संग्रहालयात, अमेरिकेत अॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयात, कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभी असलेली लिबरेटर आपल्या हवाई दलाकडूनच गेली. आपल्याकडे पालमच्या संग्रहालयात एक राहिले. ती तिकडे गेल्याचे वाईट वाटत नाही, तिकडे ती नीट सांभाळली गेली. त्यांचे मोल दुसऱ्यांना आधी कळले, याचे मात्र वाटते.

म्हणून आमचे मत थोडे अप्रिय आहे. शंभर चौकांत शंभर मिग उभी करण्यापेक्षा प्रत्येक प्रकारचे एक-दोन नग, एफएल, एम, बिस, बायसन, पूर्ण उपकरणांसह, आपापल्या कागदांसह, बंद आणि सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवलेल्या दालनात राखावेत. बाकीच्यांतून सुटे भाग काढून घ्यावेत. आणि ज्या संस्थेकडे दरवर्षीच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात लिहिलेली नाही, तिला विमान देऊच नये. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला ‘एनोला गे’ हे एकच बाँबफेकी विमान पूर्ववत करायला सुमारे तीन लाख मनुष्य-तास लागले. तेवढे आपल्याला जमणार नाही, पण कामाचा आवाका काय असतो ते यावरून कळते.

विमानापेक्षाही लवकर संपणारी एक गोष्ट आहे. ओझरला साठ-सत्तरच्या दशकांत रशियन आराखडे वाचून जिग लावणारे, रिव्हेट ठोकणारे, पंखांची जोडणी करणारे फिटर आज ऐंशीच्या घरात आहेत. कोणत्या झडपेमागे पाणी साचते, कोणता बोल्ट आधी सैल करायचा, कारखान्यात कोणता बदल नकाशावर न चढवता केला गेला, हे त्यांना तोंडपाठ असते आणि कोणत्याही नियमपुस्तिकेत नसते. नाशिक, ओझर, पिंपळगाव परिसरातल्या वाचकांना विनंती की अशा ज्येष्ठांना भेटा, कॅमेरा लावा, शक्य असल्यास त्यांना एखाद्या प्रदर्शित विमानापाशी नेऊन हात लावून दाखवायला सांगा. ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांच्या कुटुंबाकडेही ठेवा. ज्यांच्या ताब्यात आधीच एखादे विमान आहे त्यांनी त्याचा टेल नंबर, चौथऱ्यावरचा कोन, निथळ-छिद्रांची स्थिती आणि शेवटचा रंग कधी दिला ही माहिती छायाचित्रांसह आमच्या कार्यालयाकडे पाठवावी. पावसाळ्यापूर्वी आली तर बरे.