सोमवारची पोटदुखी

सोमवारी सकाळी दप्तर भरलं की आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात दुखायला लागतं. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, जंताचं औषध देऊन झालं, सगळं नॉर्मल. रविवारी मात्र पोट कधीच दुखत नाही. बालमार्गदर्शन केंद्रात अशी मुलं नेहमीच दिसतात, आणि येतात ती फार उशिरा. घरचे अडवतात: तासाभरात डॉक्टरला आपलं मूल काय कळणार? काहीतरी शिक्का मारतील आणि गोळ्या सुरू करतील.

शिक्का तर आधीच बसलेला असतो. नाटकी, हट्टी, लाडावलेली, असे शिक्के घर आणि शाळा रोज मारतात आणि त्यासाठी कुणी काही तपासत नाही.

केंद्रात तपासतात. आईवडिलांशी वेगळं बोलतात, मुलीशी वेगळं. शिक्षकांकडे प्रश्नावली जाते. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि पालक व शिक्षक ती वेगवेगळी भरतात. दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा खरा धागा हाती लागतो. घरी गुणी असलेलं मूल वर्गात अंगावर धावून जात असेल, तर त्याला वाचता तरी येतंय का, हे पाहावं लागतं. बुद्धिमापनही मुलाच्या भाषेत होऊ शकतं: व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठीत आणि कन्नडमध्ये आणली, त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षं झाली. ‘ही परदेशी फॅडं’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र १९३७ सालीच सुरू केलं होतं.

गोळ्यांची भीती मात्र बिनबुडाची नाही. नैराश्यावरच्या औषधांनी काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली दिला. शाळेबद्दल एक शब्दही न विचारता दहा मिनिटांत चिठ्ठी लिहिणाऱ्या दवाखान्यावर पालकांनी जरूर चिडावं. पण अमेरिकेतच ७ ते १७ वर्षांच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या बोलण्या-सरावाच्या उपचाराने सुमारे ६० टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या गोळीने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के. औषधाचं रूप दिलेल्या निव्वळ खोट्या गोळीने २४ टक्के. म्हणजे गोळीशिवायही उपचार होतो, आणि गरज असेल तिथे गोळी नाकारणं हेही मुलाचं नुकसानच.

त्या आठ वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी वर्गात ढकलत नाहीत. आधी आईचा हात धरून फक्त गेटपर्यंत. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, स्वतःच्या बाकावर पाच मिनिटं. मग आवडत्या बाईंचा एक तास. पोट दुखलं तरी पायरी सोडायची नाही, आणि घरी राहिलीच तर टीव्ही नाही, मारही नाही. आईलाही गृहपाठ असतो: ‘दुखतंय का गं?’ असं सकाळी एकदाही विचारायचं नाही.