काळी साडी आणि मी लिहिलेली जाहिरात

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पलसाण्याला मामाकडे होते. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूर करत धुळ्याला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते हे सुरत जिल्ह्यातलं गाव. आजूबाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिल्स आणि गोदामं. ऑनलाइन साड्या विकणाऱ्या एका शेठकडे मामा हिशोब बघतो. एका रात्री जेवताना म्हणाला, "तू साहित्यवाली ना? शेठना सप्लाय चेन मॅनेजर हवाय. चांगल्या इंग्लिशमध्ये जाहिरात लिहून दे."

दिली लिहून. एमबीए, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल, पाच वर्षांचा अनुभव, डेटा-ड्रिव्हन वगैरे. शेवटी 'फ्लुएंट इंग्लिश' ही ओळ मी माझ्या मनाने टाकली. शेठनी ती मागितली नव्हती. जाहिरात जरा रिकामी वाटत होती, म्हणून.

त्या जाहिरातीने आबा बाद झाले. आबा नवापूरचे. (तेच नवापूर, जिथल्या रेल्वे स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते.) गोदामातला डिस्पॅच अकरा वर्षं त्यांनी सांभाळला. अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी सगळं फर्डं. इंग्लिश म्हणजे फक्त लेबल वाचण्यापुरतं. ते अर्ज करणारच नव्हते असं मामा म्हणतो. असेलही. पण करायचा म्हटला असता तरी दार मी आधीच लावून ठेवलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला नवे मॅनेजर आले. ते वाईट नव्हते, हे मला आधी सांगायचंय, कारण 'शिकलेला मूर्ख आणि अडाणी शहाणा' ही गोष्ट आपण फार वेळा लिहितो. आबांचा सगळा कारभार डोक्यात. एकदा ते आजारी पडले तर कुठला माल कुठल्या रॅकवर आहे हे तीन दिवस कुणाला सापडेना. नव्या साहेबांनी पंधरा दिवसांत प्रत्येक डिझाइनला कोड दिला, परत येणाऱ्या पार्सलांची शीट बनवली. हे आबांना जमलं नसतं.

मग आली संक्रांत. दरवर्षी डिसेंबरमध्ये आबा शेठच्या मागे लागून काळ्या साड्या रंगवून घ्यायचे. साहेबांनी आधीच्या तीन महिन्यांची विक्री बघितली. काळ्याला मागणी जवळजवळ शून्य, म्हणून काळा रंग ऑर्डरमधून उडवला. हिशोबाने बरोबरच होतं. दिवाळीत आणि लग्नसराईत काळी साडी कोण घेणार? पण महाराष्ट्रात संक्रांतीला काळं नेसतात, आणि हळदीकुंकू पुढे रथसप्तमीपर्यंत चालतं. जानेवारी उजाडल्यावर नाशिक, जळगाव, नागपूरकडून ऑर्डरी यायला लागल्या. होता नव्हता तो माल चार दिवसांत संपला. घाईने रंगवून घ्यायचं म्हटलं तर गुजरातेत उत्तरायण. 14 आणि 15 जानेवारीला सगळं सुरत गच्चीवर पतंग उडवत असतं, कारागीर कुठून मिळणार! एकच सण, पण एका राज्यात मागणी वाढवतो आणि शेजारच्या राज्यात काम थांबवतो. ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. रद्द केलेल्या ऑर्डरींमुळे विक्रेत्याचं रेटिंग पडतं, मग दुकानच यादीत खाली जातं. ते वर यायला महिने लागतात.

आमच्या घरी संक्रांत नसते, शेजारच्या काकूंकडून तिळगूळ येतो तेवढंच. तरी मला हे माहीत होतं. आणि फर्स्ट कम्युनियनचे पांढरे फ्रॉक कधीपासून शोधायला लागायचं, हे त्या काकूंना आमच्यामुळे ठाऊक आहे. शेजार असला की हे आपोआप कळतं. नसला तर विचारावं लागतं. साहेबांनी आबांना विचारलं नाही, आणि आबांनी आपणहून सांगितलं नाही. का, ते मला कळतं.

म्हणून माझं मत असं: ऑनलाइन दुकानासाठी असा माणूस निवडताना तो आकड्यामागचा माणूस शोधतो का, हे सगळ्यात आधी बघावं. एक्सेल त्यानंतर. साडीचं सूत, विणलेलं ग्रे कापड, मिलमधला रंग, घरी बसून लेस लावणाऱ्या बायका, घडी, पॅकिंग, कुरियर, आणि शेवटी कुठल्यातरी गावात दार उघडणारी बाई. एवढ्या हातांपैकी स्क्रीनवर दिसतं ते फक्त 'डिले' किंवा 'रिटर्न'. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं की कारणाच्या रकान्यात 'ग्राहकाने नाकारलं' असतं. खरं कारण काहीही असू शकतं. घरात त्या दिवशी रोख नव्हती, फोन सासूने उचलला, पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे' होतं आणि गावात मारुतीची तीन देवळं. यातलं कुठलं, ते फोन करून त्या बाईच्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि कामगारांचं कॅलेंडर. 4 मे 2020 ला, लॉकडाउनमध्ये, याच पलसाणा तालुक्यातल्या वरेलीत परप्रांतीय मजूर 'आम्हाला घरी जाऊ द्या' म्हणत रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी त्यांची झटापट झाली. तोवर किती मॅनेजरांना माहीत असेल की आपला माल ज्यांच्या हातून जातो ते ओडिशाचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे आहेत, आणि ते होळीला, छठला, कापणीला गावी जातात? मला तर वाटतं इंटरव्ह्यूत सरळ विचारावं: तुमच्या आधीच्या गोदामातले हमाल कुठल्या गावचे होते? उत्तर आलं नाही तर पुढचे प्रश्न विचारायचे कशाला!

डबेवाल्यांचं उदाहरण मी देणार नाही, ते झिजून गेलंय. पण पिनकोड बघा. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, आणि तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न वाचता येणारं अक्षर यातून पत्र नेमक्या दारी कसं जाईल, हा प्रश्न त्यांनी सहा आकड्यांत सोडवला. आज नवापूरचं पार्सल 4 ने आणि पलसाण्याचं 3 ने सुरू होतं ते त्यामुळे. कवी होते म्हणून जमलं असं म्हणणं फार सोपं होईल, तसं मी म्हणत नाही. पण त्यांनी माझी जाहिरात वाचली असती तर एमबीएच्या ओळीलाच थांबले असते.

आपल्या मंडळातले अर्धेजण प्लेसमेंटच्या वेळी 'आम्ही साहित्याचे, आम्हाला कोण घेणार' म्हणत मागे बसतात. मीही बसले होते. पण परत आलेल्या दोनशे पार्सलांवरचे शेरे वाचून त्यातली खरी तक्रार कुठली हे ओळखणं, हे वाचणंच आहे. साडीच्या आकड्यांचं मात्र आपल्याला शिकावंच लागेल, त्यात सूट नाही.

एप्रिलमध्ये साहेब दुसरीकडे गेले. मामाने जुनी जाहिरात परत मला पाठवली, "तारीख बदलून दे." मी 'फ्लुएंट इंग्लिश' काढलं. त्याजागी लिहिलं: मराठी, गुजराती, हिंदी यांपैकी दोन भाषा बोलता याव्यात. एमबीएच्या पुढे 'किंवा गोदामातला दहा वर्षांचा अनुभव' जोडलं. मग आबांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, या वयात मला फॉर्म भरायला लावतेस?" मी म्हटलं, मी भरते, तुम्ही फक्त सही करा. ते हसले, हो म्हणाले नाहीत. शेठनीही अजून जाहिरातीला होकार कळवलेला नाही.